चक कूपर : दार उघडले, पण चेंडू हाती आला नाही

एनबीएचे सामने आपल्यातले अनेक जण मोबाईलवर बघतात. आज त्या संघांत बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. 1950 च्या एप्रिलपर्यंत मात्र एकही नव्हता. ज्यांच्या निवडीने ही बंदी पहिल्यांदा मोडली, त्या चार्ल्स ऊर्फ चक कूपर यांची ओळख आपल्या तरुणांना असायला हवी, असे आम्हाला वाटते.

कूपर यांचा जन्म 1926 चा, पिट्सबर्ग शहरातला. नौदलातली सेवा संपवून ते त्याच शहरातल्या ड्यूकेन विद्यापीठात आले. पहिल्याच हंगामात, डिसेंबर 1946 मध्ये, टेनेसी विद्यापीठाचा संघ त्यांच्याशी खेळायला आला आणि कूपर मैदानात उतरणार नाहीत अशी हमी मागू लागला. ड्यूकेनने ती हमी दिली नाही. प्रेक्षक जमले होते, पण टेनेसीचा संघ न खेळताच परत गेला. एका कृष्णवर्णीय मुलाला बाकावर बसवून सामना उरकणे किती सोपे होते, हे लक्षात घ्या. अशा तडजोडी तेव्हा सर्रास होत.

25 एप्रिल 1950 रोजी संघमालक खेळाडू निवडायला बसले. दुसऱ्या फेरीत बोस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राऊन यांनी कूपर यांचे नाव घेतले. हा खेळाडू काळा आहे, याची कुणीतरी त्यांना आठवण करून दिली. खेळता येत असेल तर रंगाशी देणेघेणे नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन ब्राऊन ठाम राहिले. मग वॉशिंग्टनने अर्ल लॉइड यांना निवडले, न्यूयॉर्कने नॅट क्लिफ्टन यांना करारबद्ध केले. सामन्यात सर्वांत आधी उतरले ते लॉइड, 31 ऑक्टोबरला. कूपर दुसऱ्या दिवशी खेळले. म्हणून पहिला कोण, हा वाद आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

महत्त्वाचे आहे ते पुढचे. 6 फूट 5 इंच उंचीचे कूपर महाविद्यालयात राष्ट्रीय पातळीवर गाजलेले खेळाडू होते. सेल्टिक्समध्ये त्यांच्या वाट्याला आले ते प्रतिस्पर्ध्याला अडवणे आणि हुकलेला चेंडू झेलणे. बास्केट करण्याची संधी आणि त्यातून मिळणारे नाव इतरांकडे जाई. पहिल्या हंगामात त्यांची सरासरी 9.3 गुणांची होती. नंतर ती घसरत गेली. संघात घेतले, पण कष्टाच्या कामापुरते, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. प्रवेश मिळणे आणि बरोबरीची जागा मिळणे यांतले अंतर त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

मैदानाबाहेरही तेच. उत्तर कॅरोलिनातल्या रॅली शहरात हॉटेलने त्यांना संघाबरोबर ठेवून घ्यायला नकार दिला. तेव्हा गोरा सहकारी बॉब कूझी संघाला सोडून त्यांच्यासोबत रात्रीच्या रेल्वेने निघाला. मैत्री अशी असते! पण दुसऱ्या प्रसंगांत त्यांना एकट्यानेच वेगळी खोली, वेगळी खानावळ शोधावी लागे. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याने वर्णावरून शिवी दिली, तेव्हा कूपर यांनी हात उचलला. आम्ही त्यांना दोष देणार नाही.

चार हंगामांनंतर बोस्टनने त्यांना सोडले. मिलवॉकी, मग फोर्ट वेन, आणि 1956 मध्ये एनबीए संपली. एकूण 409 सामने, सरासरी 6.7 गुण.

तिशीत खेळ थांबला की माणसे जुन्या आठवणींवर जगतात. कूपर पुन्हा वर्गात जाऊन बसले. 1961 मध्ये त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, पिट्सबर्गला परतले आणि वस्त्यांमध्ये काम केले. पुढे शहराच्या उद्याने व क्रीडा विभागाचे ते प्रमुख झाले. त्या महापालिकेत विभागप्रमुख झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. इथे मात्र निर्णय त्यांच्या हातात होते.

5 फेब्रुवारी 1984 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागायला 2019 साल उजाडावे लागले. ड्यूकेनच्या क्रीडागृहाला आता कूपर यांचे नाव आहे.