ग्रंथांच्या वाटेने

चांद्याचा मुलूख हा अरण्यांचा मुलूख आहे. साग, ऐन, मोह आणि बांबू यांची दाट राने येथे पसरलेली आहेत. आजचा गडचिरोली जिल्हा 1982 पर्यंत याच जिल्ह्यात मोडत असे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी गोंड राजांच्या परकोटाने वेढलेल्या चांदा शहरी, म्हणजेच आजच्या चंद्रपुरी, अफाट जनसमुदाय लोटला होता. ज्यांच्यासाठी हे सारे लोक जमले होते, त्या गृहस्थांचे वय 65 वर्षांचे होते. आजाराने शरीर थकलेले होते. चालताना काठीचा आधार घ्यावा लागत होता. दोनच दिवसांपूर्वी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माचा स्वीकार केला होता आणि आता ते चांद्याच्या लोकांना दीक्षा देत होते. हे होते भारतीय राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांच्या आयुष्याला जी दिशा लाभली, ती कोठे लाभली हे पाहण्यासाठी 43 वर्षे मागे आणि सातासमुद्रांपलीकडे जावे लागते.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. अशा स्थितीतही वडील रामजी यांनी मुलाच्या वाचनाची आवड जोपासली. घरात पैसा नसला, तरी पुस्तकासाठी ते उसनवारी करीत. भीमराव मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि 1913 च्या फेब्रुवारीत रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेत उच्च शिक्षण घेण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करावयाची, अशी तीत अट होती.

1913 च्या जुलै महिन्यात 22 वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळी हे शहर झपाट्याने वाढत होते. पन्नासांहून अधिक मजल्यांची वूलवर्थ इमारत त्याच वर्षी पुरी झाली होती आणि जगातील सर्वांत उंच इमारत म्हणून ती गाजत होती. जमिनीखालून आगगाड्या धावत होत्या. शहराच्या उत्तर भागात एका उंचवट्यावर कोलंबिया विद्यापीठ वसले होते. भीमराव प्रथम तेथील वसतिगृहात उतरले. परंतु तेथील जेवण त्यांना रुचेना. काही दिवस अन्यत्र राहून ते पुन्हा विद्यापीठाच्या वसतिगृहात आले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री जमली. ती जन्मभर टिकली.

या नव्या नगरीत भीमरावांना एक विलक्षण अनुभव येऊ लागला. उपाहारगृहात शिरताना कोणी त्यांची जात विचारीत नसे. वर्गात ते कोणाच्याही शेजारी बसत. पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने उचलीत. बालपणी ज्या साध्या गोष्टींसाठी मन झुरले होते, त्या येथे न मागता मिळत होत्या. साहजिकच आरंभीचे काही महिने मित्रांबरोबर हिंडण्याफिरण्यात आणि नाटके पाहण्यात गेले. परंतु लवकरच त्यांचे मन त्यांना टोचू लागले. घरची माणसे हालअपेष्टांत दिवस काढीत होती, महाराजांनी मोठ्या विश्वासाने पैसा दिला होता आणि मुदत होती अवघी तीन वर्षांची. ही संधी पुन्हा येणार नव्हती. भीमरावांनी मौजमजेकडे पाठ फिरविली.

त्यानंतर त्यांची न्यूयॉर्कमधील भ्रमंती निराळ्याच वाटेने होऊ लागली. दिवसाचा बहुतेक वेळ ते विद्यापीठाच्या घुमटाकार ग्रंथालयात घालवीत. सवड मिळताच जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा शोध घेत ते रस्तोरस्ती हिंडत. धुळीने माखलेल्या ढिगांतून हवे ते पुस्तक हाती लागले की त्यांचा आनंद गगनात मावत नसे. एक प्याला कॉफी, दोन पाव आणि थोडे मांस किंवा मासे एवढ्यावर ते भूक भागवीत. उरलेल्या पैशांतून काही घरी पाठवीत व काहींची पुस्तके घेत. अशा रीतीने त्यांनी सुमारे 2000 ग्रंथ जमविले. अर्थशास्त्राचे 29 आणि इतिहासाचे 11 अभ्यासक्रम त्यांनी निवडले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र हेही विषय ते शिकले. प्राध्यापक सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे विख्यात गुरू त्यांना लाभले. 1915 मध्ये ते एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी प्राध्यापक व विद्यार्थी यांच्यापुढे त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. लहानपणी जे दुःख सोसले होते, त्याच्या मुळाशी काय आहे, हे ते आता शास्त्राच्या प्रकाशात तपासू लागले होते.

1916 मध्ये भीमराव लंडनला गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राच्या शिक्षणासाठी व बॅरिस्टर होण्यासाठी नाव घातले. परंतु वर्ष पुरे होण्यापूर्वीच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी मिळविली. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते, ते जहाज शत्रूच्या पाणतीराने बुडाले. कष्टाने मिळविलेले अनेक ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले.

याहून मोठा आघात मायदेशी त्यांची वाट पाहत होता. अटीप्रमाणे ते बडोद्यास चाकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळेना. एका धर्मशाळेत जात लपवून त्यांनी अकरा दिवस काढले. अखेर गोष्ट उघड झाली आणि लाठ्या घेतलेला जमाव खोलीच्या दारात उभा राहिला. जागा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या दिवशी न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकलेला हा विद्वान एका सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहत राहिला. परक्या नगरीत ज्याला कोणी जात विचारली नव्हती, त्याला स्वतःच्या देशात रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. एका माणसाने कितीही विद्या मिळविली, तरी तेवढ्याने समाज बदलत नाही, हे कटू सत्य त्यांना त्या दिवशी उमगले.

तरीही विद्येवरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. मित्र भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. 1920 मध्ये भीमराव पुन्हा लंडनला गेले आणि अपुरा राहिलेला अभ्यास त्यांनी हाती घेतला. काही काळ ते प्रिमरोज हिल भागात राहत असत. तेथून ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय सुमारे चार किलोमीटर दूर होते. लंडनचे कित्येक रस्ते त्यांना पायांखालचे झाले, कारण गाडीभाडे वाचविण्यासाठी ते पायीच जात. सकाळी मिळणारी न्याहारी अगदी तुटपुंजी असे. ग्रंथालयाच्या विशाल घुमटाखाली एकदा बैठक मारली की दुपारच्या जेवणालाही ते उठत नसत. दार बंद होण्याच्या वेळी ते बाहेर पडत, तेव्हा त्यांचे खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत. रात्री पुन्हा वाचन चाले. इकडे मुंबईत पत्नी रमाबाई अत्यंत काटकसरीने संसार चालवीत होत्या. त्यांच्या कष्टांची जाणीव भीमरावांना स्वस्थ बसू देत नसे.

या तपश्चर्येला फळ आले. 1921 मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना एम. एस्सी. ही पदवी दिली. ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधाला 1923 मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

मायदेशी परतल्यावर या विद्येचा उपयोग त्यांनी दीनदलितांच्या उद्धारासाठी केला. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क त्यांनी बजावला. पुढे दादर येथे घर बांधले, तेव्हा ग्रंथांसाठी त्यात प्रशस्त जागा ठेवली. 1946 मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद येथे महाविद्यालय त्यांच्या पुढाकाराने सुरू झाले. ग्रंथालयाचे जे दार त्यांना परक्या नगरीत उघडे मिळाले, ते आपल्या देशातील गोरगरिबांच्या मुलांना आपल्याच गावी उघडे मिळावे, ही त्यांची तळमळ होती.

चांद्याच्या त्या दीक्षा-समारंभाच्या सिद्धतेत पुढाकार घेणारे भाऊराव खोब्रागडे हे चांद्याचेच सुपुत्र. तेही लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन आले होते. एका विद्यार्थ्याने अर्धपोटी राहून जी वाट तुडविली, तिच्यावरून रानामुलखातील दुसरा विद्यार्थी चालून आला होता. त्या समारंभानंतर दोन महिन्यांच्या आतच, 6 डिसेंबर 1956 रोजी, डॉ. आंबेडकरांचे दिल्ली येथे निधन झाले. चंद्रपूरच्या त्या दीक्षाभूमीवर पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. आता तेथे शिकण्यासाठी मुलामुलींना समुद्र ओलांडावा लागत नाही.