विश्वकिरणांचे उपासक : डॉ. होमी भाभा

आकाशातून आलेल्या उल्केने आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर घडविले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु डोळ्यांना न दिसणारे कण आपल्या मोताळ्यावरही रात्रंदिवस बरसत असतात, हे मला डॉ. होमी जहांगीर भाभा यांच्या चरित्रातून कळले. या कणांना विश्वकिरण म्हणतात.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनिअर व्हावे, ही वडिलांची इच्छा. त्यासाठी १९२७ साली ते केंब्रिजला गेले. पण त्यांचे मन पदार्थविज्ञानात रमले. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची, मग मनासारखे शिकायचे, अशी अट वडिलांनी घातली. १९३० साली भाभांनी ती पुरी केली आणि वडिलांनीही शब्द पाळला.

१९३७ साली त्यांनी हाइटलर यांच्यासह एक कोडे उलगडले. अतिवेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की त्याच्यापासून प्रकाशकण निघतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी जन्मते. त्यांच्यापासून पुन्हा प्रकाशकण. असे एकाचे अनेक होत कणांची सरच कोसळते.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते रुजू झाले. तेथे सी. व्ही. रामन होते, पण युरोपातल्यासारखी अवाढव्य यंत्रे नव्हती. भाभा हात जोडून बसले नाहीत. विश्वकिरण विकत आणावे लागत नाहीत, ते येथेही पडतात. त्यांच्या मोजणीचे काम त्यांनी तेथेच उभे केले. युद्ध संपल्यावरही ते येथेच राहिले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी पुढे आकाशात बलून सोडले आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणे मांडली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचा अंत झाला.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. उटीला त्याच संस्थेचे शास्त्रज्ञ आजही या कणांच्या सरी मोजतात. त्यासाठी हवेवरही लक्ष ठेवावे लागते, कारण हवेचा दाब व तापमान बदलले की कणांची संख्याही बदलते. १ डिसेंबर २०१४ रोजी वादळी ढग आला असता म्यूऑन नावाच्या कणांच्या संख्येत असाच फरक पडला. त्यावरून त्या ढगातील विद्युतदाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे त्यांनी काढले.

मित्रहो, माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, असे मलाही वाटे. भाभांजवळ पैसा होता, ओळखी होत्या. आपल्याजवळ त्या नाहीत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाट बंद झाली तेव्हा त्यांनी डोक्यावरच्या आकाशाकडे पाहिले. तेच आकाश आपल्या कपाशीच्या शेतावरही आहे.

— बी. ए. भाग २