चीनमधले ‘कोटणीस सर’

बारावीचा निकाल लागला की धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात ‘परदेशात एमबीबीएस’चे फलक दिसायला लागतात. त्यात चीनचं नाव हमखास असतं. आपल्या भागातली बरीच मुलंमुली डॉक्टरकी शिकायला तिकडे गेली आहेत. पण याच्या बरोबर उलटा प्रवास ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या सोलापुरातल्या एका पोराने केला होता. तो चीनला शिकायला नाही, तर शिकवायला गेला. तेही चिनी भाषेत आणि युद्ध चालू असताना! हा पोरगा म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. व्ही. शांतारामांचा १९४६ चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ निदान नावाने तरी माहीत असतो. पण सिनेमातला हिरो बाजूला ठेवून त्यांचं तिथलं रोजचं जगणं बघितलं, तर माणूस जास्त भारी वाटतो.

सोलापूर ते कँटन

१० ऑक्टोबर १९१० चा जन्म. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. शाळा सोलापुरात झाली आणि मेडिकल मुंबईच्या सेठ जी. एस. कॉलेजात, म्हणजे केईएममध्ये. पुढे पीजीची तयारी चालू होती. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर सेट होत आलं होतं.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. जखमी सैनिकांचे ढीग आणि डॉक्टर मोजकेच, अशी तिथली अवस्था होती. जनरल झू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं आणि लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले. आपण स्वतः पारतंत्र्यात होतो, तरी दुसऱ्यासाठी पथक निघालं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस असे पाच जण. कोटणीस तेव्हा अठ्ठावीसचेही नव्हते.

त्यांच्या घरी चीनबद्दल माहिती काय होती? त्यांच्या बहिणीने पुढे सांगितल्याप्रमाणे, चिनी रेशीम विकायला फेरीवाले यायचे, तेवढीच! तरीही घरच्यांनी परवानगी दिली. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोट सुटली आणि हाँगकाँगमार्गे पथक कँटनला पोचलं. तिथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग यांनी त्यांचं स्वागत केलं.

फिरणं झालं, पण असं!

चीनमधले हे सुरुवातीचे महिने म्हणजे नुसता प्रवास. चांगशा, हांको, यीचांग, तिथून बोटीने यांगत्से नदीच्या प्रसिद्ध घळींमधून चोंगचिंग. आज लोक याच मार्गावर क्रूझ बुक करून फोटो काढतात. या पाच जणांनी ते डोंगर-कडे बघितले ते मात्र पाठीमागे शहरं जपान्यांच्या हाती पडत असताना.

चोंगचिंगला प्रत्येकाला चिनी नाव मिळालं. पाचही नावांच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. पुढे तिकडच्या लोकांनी त्यांना याच नावाने ओळखलं.

त्याच सुमारास सोलापूरहून बातमी आली : वडील गेले. सहकाऱ्यांनी त्यांना घरी परत जायला सुचवलं. आता घराची जबाबदारी आहे, धाकटी भावंडं आहेत. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कोटणीस थांबले. हा निर्णय बरोबर की चूक, हे आज इथे बसून सांगणं सोपं नाही. त्याची किंमत सोलापूरच्या घरानेही मोजली, एवढं मात्र खरं.

गुहेतलं घर, राळ्याचा भात

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. ही कम्युनिस्टांची राजधानी, म्हणजे मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांचं गाव. राहणं गुहेत, दवाखाना गुहेत, लेक्चरही तिथेच. उन्हाळ्यात आत गार, थंडीत उबदार. जेवणात मुख्य धान्य राळे. आपल्याकडे आजी-आजोबांना राळ्याचा भात आठवत असेल, तेच हे धान्य. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला हे जेवण जड गेलं नसेल, पण तिथली शून्याखालची थंडी नक्कीच नवी होती.

हळूहळू पथकातले काही जण तब्येतीमुळे किंवा काम संपवून परतले. कोटणीस आणि बसू मात्र पुढे आघाडीवर गेले आणि १९४० मध्ये उत्तरेकडच्या डोंगराळ सीमाभागात पोचले. काही महिन्यांपूर्वीच तिथे कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून वारले होते. ऑपरेशन करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरलं. बसूंना पुन्हा येनानला बोलावलं गेलं. कोटणीस मागे राहिले आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

ना बेंच, ना फळा

इथून सुरू होतो ‘कोटणीस सरां’चा काळ. हेबेई प्रांतातल्या तांग तालुक्यातलं गेगोंग हे गाव. तिथे बेथ्यून यांच्याच नावाची मेडिकल शाळा होती. बरेच विद्यार्थी शेतकऱ्यांची पोरं, शिक्षण जेमतेम. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मग सरांनीच चिनी शिकायचं ठरवलं. आपण सेमिस्टरभर जर्मन किंवा जपानी शिकून दमतो. इथे हजारो अक्षरांची लिपी, आणि त्यात सर्जरी शिकवायची. पण ते दुभाष्याशिवाय बोलायला लागले, चिनीतून लेक्चर द्यायला लागले आणि सर्जरीचं पाठ्यपुस्तकही चिनीतून लिहायला घेतलं.

शाळा एका जागी राहायचीही खात्री नव्हती. जपानी फौजा आल्या की पेशंट, औषधं, पुस्तकं सगळं उचलून डोंगरात. धोका टळला की परत वर्ग सुरू. औषधं आणि हत्यारं यांची कायम टंचाई. लढाईच्या दिवसांत सलग तीन दिवस ऑपरेशन टेबलापाशी उभं राहिल्याचं सांगितलं जातं. या दगदगीतही गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची नाडी बघायला ते जायचे. तिथले लोक त्यांना प्रेमाने ‘काळी आई’ म्हणायचे. चिनी लोकांना त्यात फक्त सावळा रंग आणि माया दिसत असेल. आपल्याकडे शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो, त्यामुळे आपल्याला तो शब्द अजून आतून लागतो.

याच शाळेत नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलान त्यांना भेटल्या. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांनी कोटणीसांना पहिल्यांदा पाहिलं आणि हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, लिहितोसुद्धा, याचं त्यांना नवल वाटलं. १९४१ च्या अखेरीला दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

३२ वर्षांचं आयुष्य

मधल्या काळात कोटणीसांना अपस्माराचे झटके यायला लागले होते. उपचारांसाठी बाहेर जा, असं वरिष्ठांनी सांगितलं. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला पहाटे त्यांचं निधन झालं. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तक अर्धवट.

पुढची गोष्टही सोपी नाही. यिनहुआसुद्धा मेडिकलला गेला, पण १९६७ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. गुओ छिंगलान यांनी मात्र सासरचं नातं शेवटपर्यंत जपलं. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं.

शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आज बेथ्यून आणि कोटणीस यांची स्मारकं आहेत. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. मध्ये १९६२ चं युद्ध झालं, २०२० मध्ये गलवान झालं, आपल्या मोबाइलमधली चिनी अ‍ॅपं बंद झाली. तरी चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटायचा प्रघात अनेक वर्षं चालला. दोन सरकारांचं पटो न पटो, एका डॉक्टरने खेड्यातल्या पोरांना शिकवलेली सर्जरी कुणाला पुसता आली नाही.

धाराशिवहून सोलापूर जेमतेम दीड तासावर. तुळजापूरमार्गे एसटी आहेच. क्लासला, परीक्षेला, खरेदीला आपण तिकडे जातोच. पुढच्या वेळी गेलात तर भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे, तिथे एक चक्कर मारा. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर व्हायला चीनला निघालं असेल, तर तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला ‘के दिहुआ’ हे नाव सांगून बघा. ओळख करून द्यायला तेवढं पुरेल.