‘रेन अँड मार्टिन’ मधले रेन साहेब कोण होते?

इंग्रजी व्याकरणाचा विषय निघाला की ‘रेन अँड मार्टिन’ हे नाव आलेच. शिकवणीत, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात हे पुस्तक हमखास दिसते. पण त्यातले रेन कोण, हे फार थोड्यांना माहीत असते.

पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन यांचा जन्म १८७५ मध्ये लंडनजवळच्या डेप्टफर्ड इथे झाला. ऑक्सफर्डमध्ये शिकून ते १९०३ मध्ये भारतीय शिक्षण सेवेत आले आणि कराचीच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. याच इलाख्यात शाळा तपासण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

त्या काळी मराठी शाळांमध्ये इंग्रजी प्रामुख्याने भाषांतरातून शिकवले जाई. तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर इथल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. रेन यांचा कल वेगळा होता. १९११ मध्ये त्यांनी भारतीय शाळांत ‘प्रत्यक्ष पद्धती’ने इंग्रजी कसे शिकवावे, यावर शिक्षकांसाठी पुस्तक लिहिले. या पद्धतीत वस्तू दाखवायची, तिच्याबद्दल इंग्रजीतच बोलायचे आणि मुलांकडून बोलून घ्यायचे. आधी कान, मग जीभ आणि नियम शेवटी.

पहिल्या महायुद्धात रेन पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर गेले, पण आजारपणामुळे परतले. १९१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. फ्रेंच फॉरेन लीजनवरची ‘बो जेस्ट’ (१९२४) जगभर गाजली, तिच्यावर चित्रपटही निघाले. ते स्वतः त्या फौजेत होते का, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

१९३० च्या दशकात मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकाने रेन आणि एच. मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण बाजारात आणले. नियम, उदाहरण आणि लगेच स्वाध्याय, अशी त्याची मांडणी. पुढे उत्तरांची ‘की’ही वेगळी मिळू लागली. बोलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या माणसाचे नाव अशा रीतीने गाळलेल्या जागा भरण्याच्या पुस्तकाशी कायमचे जोडले गेले. रेन १९४१ मध्ये वारले. पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या मात्र आजही निघतात.

मग स्वाध्याय आणि ‘की’ वाईट का? तसे नाही. घरी इंग्रजी सांगणारे कोणी नसेल, तर आपले उत्तर बरोबर की चूक हे कळायला ‘की’ हाच आधार असतो. प्रश्न ती केव्हा उघडायची, एवढाच आहे. आधी स्वतः लिहिले आणि मग ताडून पाहिले, तर चूक कुठे झाली ते कळते. आधीच उघडली, तर वही भरते आणि मूल कोरेच राहते.

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. बदलापूरजवळच्या चामटोलीतले मूल सहावीत येईपर्यंत पाच वर्षे इंग्रजी शिकलेले असते. त्याने लिहिलेले वाक्य त्याला मोठ्याने म्हणता येते का आणि त्यातला एक शब्द बदलून नवे वाक्य करता येते का, हे वर्गात विचारून पाहावे. ‘की’मधून उतरवलेले उत्तर इथे लगेच अडखळते. रेन यांच्या १९११ च्या पुस्तकाचा रोखही बोलत्या इंग्रजीकडेच होता.