देवळालीचे कापरेकर मास्तर

थोर गणिती म्हटला की मोठे विद्यापीठ आणि भिंतभर पुस्तके डोळ्यांपुढे येतात. पण नाशिकजवळच्या देवळालीत एका शाळामास्तरांनी केवळ कागद-पेन्सिलीच्या बळावर जगातील गणितज्ञांना विचार करायला लावले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही त्यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस करते आहे, कारण त्यांच्या गणिताचे दार माझ्यासारखीलाही उघडे आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद असल्याने आकडेमोड घरातच होती. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन दत्तात्रेय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले.

चार अंकी संख्यांच्या खेळात शेवटी हाती येणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांचे अंकांच्या बेरजेवरचे काम अधिक भावले. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला, तर ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी संख्या. मास्तरांचे जन्मवर्षच पाहा. १९०५ च्या अंकांची बेरीज १५, आणि १५ गुणिले १२७ म्हणजे बरोबर १९०५! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना हे सांगितले, तर त्यांनी बोटांवर हिशेब करून १२, १८ आणि २४ या हर्षद संख्या स्वतः शोधून काढल्या.

दुसरा प्रकार स्वयंभू संख्यांचा. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ येतात. म्हणजे १५ ही २१ ची जननी झाली. परंतु २० ला अशी जननीच सापडत नाही. अशा संख्यांना मास्तरांनी स्वयंभू म्हटले आणि आपल्या गावाची आठवण म्हणून देवळाली संख्या असेही नाव दिले.

आता प्रश्न असा की, पुढे पुढे जाताना या संख्या किती वेळा भेटतात? शंभरपर्यंतच्या हर्षद संख्या मी मोजल्या, त्या ३३ भरल्या. हजारापर्यंत त्या २१३ आहेत, म्हणजे शेकडा एकवीसच. असे का व्हावे? शून्यापासून नऊपर्यंतच्या अंकांची सरासरी साडेचार. म्हणून शंभर अंकी संख्या घेतली, तर तिच्या अंकांची बेरीज बहुधा ४५० च्या आसपासच येते. फार दूर जाणाऱ्या संख्या थोड्या. भाजक असा वाढत गेला की निःशेष भाग जाण्याची शक्यता घटते. हर्षद संख्या कधी संपत नाहीत, पण त्यांचे प्रमाण शून्याकडे सरकते, हे अमेरिकेतील केनेडी आणि कूपर यांनी १९८४ साली दाखवले. स्वयंभू संख्यांची तऱ्हा निराळी. त्यांचे प्रमाण ठरावीक राहते, हे इटलीच्या झान्निएर यांनी १९८२ साली सिद्ध केले. ते प्रमाण शेकडा दहाच्या किंचित खाली आहे. सिद्धतेसाठी विद्यापीठातले गणित लागले खरे, पण ज्या संख्यांविषयी ती सिद्धता होती, त्या देवळालीच्या मास्तरांनी पुढे मांडलेल्या होत्या.

आपल्याकडील अनेक विद्वानांना मात्र हे काम पोरखेळ वाटे. मास्तर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत राहिले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या केल्या. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. अखेर १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर पोचले. १९८६ साली ते निवर्तले.

बाहेरून शाबासकी येईपर्यंत आपण आपल्या माणसाला ओळखू नये, ही खंत वाटते. आणि एक बळही मिळते. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, वशिला नाही, त्यांनी प्रश्न विचारण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. चौथीतल्या बेरजेतून निघालेल्या प्रश्नावरही पुढे जगातले गणितज्ञ विचार करीत बसतात, हे कापरेकर मास्तरांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले आहे.