रहीमसाहेब

माझं गाव चारठाणा. १९५६ पर्यंत आमचा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मला आपलेच वाटतात. हे शिक्षक पुढे भारतीय फुटबॉल संघाचे कोच झाले. १९५१ला एशियाडचं सुवर्ण, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर!

१९६२, जाकार्ता. डिफेंडर जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले. साहेबांनी त्याला बाहेर न बसवता फायनलला चक्क फॉरवर्ड खेळवलं. पठ्ठ्यानं गोल मारला, दक्षिण कोरियावर २-१ ने सुवर्ण! नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला, कॅन्सरनं साहेब गेले. ते सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालंच नाही.

हॉस्टेलच्या टीममधून कुणाला काढण्याआधी आता मी बघतो, दुसऱ्या जागी चालेल का?