डॉ. सुशीला नायर: गावासाठी डॉक्टर घडवणाऱ्या डॉक्टर

तुम्ही रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाता, तेव्हा तुमचं घर, विहीर, चूल कशी असते हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक असेल, तर उपचारात फरक पडतो. डॉ. सुशीला नायर यांनी हे ओळखून विदर्भातच वैद्यकीय महाविद्यालय उभारलं.

त्यांचा जन्म १९१४ साली पंजाबात झाला. गांधीजींचे सचिव प्यारेलाल हे त्यांचे भाऊ. दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, सेवाग्रामला आल्या, गांधीजी आणि कस्तुरबांवर उपचार करू लागल्या. आगाखान पॅलेसमधल्या कैदेतही त्या सोबत होत्या. नंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. माझ्या मते खरं मोठं काम त्यापुढचं.

१९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. इथले एमबीबीएसचे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, खादी वापरतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्यांना काही कुटुंबं वाटून दिली जातात. पुस्तकात जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी असतं. पण हातपंपाशेजारी तुंबलेली नाली गावात गेल्यावरच दिसते. म्हणून डॉक्टरांनी पाणी कुठून आणता, शौचालय आहे का असं विचारलं, तर संकोच न करता सांगा. तपासणीचाच तो भाग आहे.

३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्राममध्येच त्यांचं निधन झालं.